बत्तीस तारांची दोन चाकं

चौक गावात, जुन्या हायवेच्या कडेला, छायाचं सायकलचं दुकान आहे. दुकानात शिरणारा नवा माणूस आधी इकडेतिकडे बघतो आणि मग हातात पान्हा घेऊन समोर बसलेल्या छायालाच विचारतो, “मिस्त्री कुठे गेलेत?”

वीस वर्षं हा प्रश्न ऐकून छायाला त्याची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. तिच्या कपाळावरची शीर अजूनही तशीच तटतटते. “मिस्त्री तुमच्या म्होरं बसलाय. काय मोडलंय ते दावा,” असं म्हणून ती हात पुढे करते. त्यातले काही जण मग सायकल देतात. काही जण “नंतर येतो” म्हणून जातात ते येतच नाहीत.

हे दुकान तिच्या वडलांचं, बुधाजींचं. तासावर सायकली भाड्याने जायच्या त्या काळात त्यांच्याकडे चौदा सायकली होत्या, आणि त्या आलटून पालटून कुणी ना कुणी खड्ड्यात घालून आणायचं. चाक वाकडं फिरायला लागलं की तारा कुठे आवळायच्या, कुठे सैल करायच्या आणि रिंग पुन्हा सरळ आणायची. त्याला आऊट काढणं म्हणतात. हे काम छाया बाराव्या वर्षी शिकली, कुणी न शिकवता, नुसतं बघून. चौदाव्या वर्षी ती ते बुधाजींपेक्षा चांगलं करायला लागली. तार नखाने छेडायची, आवाज ऐकायचा आणि डोळे मिटून सांगायचं, ही ढिली हाय, ही जास्त वढलीय.

पण बुधाजी तिला गिऱ्हाइकासमोर बसू द्यायचे नाहीत. तिने मागच्या पडवीत बसून चाक करायचं आणि ते त्यांनी पुढे नेऊन द्यायचं. “बुधाजीच्या हाताचं चाक म्हणजे काय बघायलाच नको,” असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि बुधाजी हसून मान डोलवायचे. पडवीत बसून छाया ते ऐकायची. एकदाही ते म्हणाले नाहीत की हे माझ्या पोरीनं केलंय.

पुढे बुधाजींचे हात थरथरायला लागले. छायाचं लग्न झालं, नवरा हरेश रसायनीच्या कारखान्यात शिफ्टवर जाणारा, सासर तीन किलोमीटरवर. ती रोज सकाळी घरचं आटपून सायकलवरून चौकला यायची आणि वडलांच्या नावावर दुकान चालवायची. बुधाजी गेले तेव्हा धाकटा भाऊ नवीन म्हणाला, आता हे बंद करू, प्लॉटवाल्या एजंटला ऑफिस पाहिजे, तो चांगलं भाडं देईल. छायाने चावी उचलली. ती दुकानात जाऊन बसली. तीन दिवस सकाळी यायची, संध्याकाळी कुलूप लावून चावी कमरेला खोचून जायची. तिसऱ्या दिवशी एजंट येऊन बघून गेला आणि नवीनला म्हणाला, तुमच्यात आधी ठरवा. नवीनने हात जोडले. “ठेव गं बाई, तूच ठेव. दे मला जे द्यायचं ते.” तेव्हापासून पाटीवरचं बुधाजींचं नाव गेलं आणि छायाचं आलं.

ही झाली मागची गोष्ट. आता हर्षलाची.

हर्षला खालापूरच्या बाजूची. घरी भातशेती, आणि ती रसायनीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायच्या नोकरीला. वय सत्तावीस. दोन वर्षांपूर्वी तिने सायक्लोक्रॉसचा नाद लावून घेतला. म्हणजे भातकापणी झाली की मोकळ्या शेतांतून, बांधांवरून, ओढ्यातून सायकल पळवायची. जिथे चालवता येत नाही तिथे उतरून ती खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं. मुंबईचा एक सायकल क्लब दर हिवाळ्यात कर्जतच्या पुढे, कडावजवळ अशी शर्यत घेतो. पहिल्या वर्षी हर्षला आठवी आली होती. दर वळणावर सायकल पुन्हा वेगात आणताना तिचे पाय भरून यायचे आणि चढाच्या बांधावर खांदा. सायकल जुनी, कुणाची तरी वापरलेली, पण सांगाडा हलका होता. जड होती ती चाकं.

एका रविवारी ती छायाच्या दुकानात एक भलं मोठं खोकं घेऊन आली.

“छायाताई, हे बसवून द्या. बोनसचे पैसे होते, मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मागवली. कार्बनची चाकं. जोडी फक्त चौदाशे पन्नास ग्रॅम.”

छायाने खोकं उघडलं. काळीभोर, चकचकीत चाकं, आणि त्यांच्यावर हातभर लांबीची इंग्रजी अक्षरं. तिने एक उचललं, दुसरं उचललं. दोन्ही पुन्हा खाली ठेवली.

“चौदाशे पन्नास कोण म्हनतो?”

“खोक्यावर लिहिलंय ना.”

“खोक्यावर मी पन लिवीन. चल.”

शेजारी नामाशेठचं किराणा दुकान. त्यांच्या काट्यावर चाकं ठेवली. अठराशे दहा ग्रॅम. हर्षलाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “काटा चुकत असेल.” नामाशेठना ते फारच लागलं. त्यांनी आतून सरकारी शिक्क्याचं एक किलोचं आणि अर्ध्या किलोचं वजन आणून काट्यावर ठेवलं. बरोबर पंधराशे. “गेल्या महिन्यात तपासून गेलेत,” ते म्हणाले. “चुकायचा असेल तर चाकवाला चुकतोय, काटा न्हाई.”

छायाने मग चाक स्टँडला लावून फिरवलं. नवंकोरं चाक डावीकडे दोन मिलिमीटर जात होतं. तारा छेडल्या. एकीचा आवाज खणखणीत, शेजारचीचा दबका. कष्टाच्या पैशाचं हे असलं चाक. ज्याने कुणी हे गुंडाळून पाठवलं त्याने एकदा फिरवूनसुद्धा बघितलं नव्हतं. गावाकडची पोरगी आहे, काय कळणार तिला, असं मनात धरूनच पाठवलं होतं.

“लाव त्याला फोन.”

हर्षलाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. विक्रेता आधी फार गोड बोलला. मग म्हणाला, “वजनात थोडाफार फरक येतोच मॅडम. तुमच्या मिस्त्रींना फोन द्या, मी त्यांना टेक्निकल समजावतो.”

“बोला,” छाया म्हणाली.

“मिस्त्रींना द्या हो.”

“मीच हाय मिस्त्री. समजवा. दीड किलोच्या मालात साडेतीनशे ग्रॅम कसं वाढतं? आमच्या बाजारात मासळीवालीनं येवढं मारलं तर लोक टोपली फेकून देतील तिची. वर चाक आऊट हाय ते येगळंच.”

“ते बसवताना तुमच्याकडून झालं असेल.”

छायाने फोनकडे असं पाहिलं की हर्षलाला वाटलं, आता ती तो हायवेवर भिरकावणार. पण ती शांत आवाजात म्हणाली, “अजून बसवलंच नाय. आत्ता खोक्यातून काढून नुसतं फिरवून बघितलंय. आता इडिओ करते. आधी सरकारी वजन, मग तुमची चाकं, मग तुमच्या खोक्यावरचा आकडा. परत घेता का सगळ्यांना दावू?”

व्हिडिओ गेला. आठवड्याने पैसे परत आले. पाठवणीचा खर्च त्याने कापून घेतला, आणि एका ओळीचीही माफी नाही.

“तो खर्च पन सोडायला नको हुता,” छाया पुढे कितीतरी दिवस म्हणत होती.

आता शर्यतीला सहा आठवडे उरले होते. हर्षला म्हणाली, क्लबच्या मुलांनी सांगितलंय, चांगली कार्बनची चाकं हवीत तर साठ-सत्तर हजारांच्या खाली बघूच नकोस. तेवढं काही जमायचं नाही. मग जुन्याच चाकांवर जाते.

“कोन म्हनतं जुन्याच चाकांवर जा? आन कोन म्हनतं सत्तर हजार घाल? मधलं कायच नाय का दुनियेत?”

छायाने तिची जुनी चाकं उतरवली, टायर काढले आणि नामाशेठच्या काट्यावर नेली. दोन हजार दोनशे साठ. मग तिने एका चाकाच्या तारा सोडवून सगळे भाग वेगवेगळे केले आणि फरशीवर मांडले. मधलं हब, तारा, रिंग. एकेक वजन करून हर्षलाला दाखवलं.

“हे बघ. हब मधी असतं. ते फिरतं जागच्या जागी. त्याचे पन्नास ग्रॅम कमी करायला लोक हजारो रुपये घालतात आन पायाला कळत बी नाय. तुझे हब चांगले हायत, फकस्त बेरिंग नवीन घालू. वजन मारतंय ते कडेला. तुझी रिंग सहाशे ग्रॅमची हाय. टायर, ट्यूब, रिंग, हे जेवढं भायेर तेवढं पायाला जड. तितं पैसे घालायचे.”

“म्हणजे ॲल्युमिनियमच घ्यायचं?”

“चांगलं ॲल्युमिनियम. सव्वाचारशेपर्यंतची रिंग मिळती. दगडावर आपटली तर वाकंल, पन मी सरळ करीन. कार्बन फुटला तर कोन करनार, तो फोनवाला?”

हर्षला हसली. त्या फोननंतर पहिल्यांदाच हसली.

तारा किती घालायच्या यावर दोघींचं थोडं वाजलं. हर्षलाने कुठेतरी वाचलं होतं की चोवीस तारांची चाकं हलकी. छायाने मान हलवली. हबला बत्तीस भोकं आहेत, म्हणजे तारा बत्तीस. वजन कमी करायचं तर तारांची संख्या नाही, जाडी कमी करायची. टोकांना जाड आणि मधे बारीक अशा तारा मिळतात. त्या महाग, पण त्या लवतात, झटका खातात आणि तुटत नाहीत. आणि आत ट्यूब नको. टायर रिंगला हवाबंद बसवायचा, आत दुधासारखं सीलंट ओतायचं. काटा लागला तर भोक आपोआप बुजतं, आणि हवा कमी ठेवता येते, म्हणजे चिखलात टायर पकड धरतो. बोलताना छायाचे हात फरशीवरच्या भागांवरून फिरत होते आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. तो तसा फार वेळ कुठे जात नसे.

रिंगा पुण्याहून आल्या. एका तारेचे पैसे एका वडापावच्या तिप्पट बघून हरेश म्हणाला, “तारेलाच येवढे?” छायाने त्याला दोन तारा हातात दिल्या, एक साधी, एक ती. त्याने वाकवून बघितल्या आणि जपून परत ठेवल्या.

दोन चाकं विणायला तिने चार दुपारी घेतल्या. रोज थोडं आवळायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तारा जोडीने हातात दाबून त्यांचा पीळ काढायचा आणि पुन्हा बघायचं. चौथ्या दुपारी चाक फिरवलं तर स्टँडच्या टोकाशी कागद सरकेल एवढंच अंतर, आणि ते सबंध फेरीत तसूभर हललं नाही. काट्यावर जोडी ठेवली. सतराशे सत्तर. फोनवाल्याच्या कार्बनपेक्षा चाळीस ग्रॅमने हलकी, आणि किंमत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

“खरंच?” हर्षलाने विचारलं, आणि पुन्हा एकदा ठेवून बघितली. प्रयोगशाळेतली सवय.

शर्यतीच्या सकाळी हरेशने ओळखीच्याचा टेंपो आणला. तिघं कडावला पोचली तेव्हा आठ वाजले होते. शेतांत भाताची खुंटं उभी, त्यातून पट्ट्या लावून रस्ता आखलेला, ओढ्याच्या कडेला चिखल मुद्दाम पाणी सोडून वाढवलेला. एका बाजूला तंबू, आणि प्रायोजक दुकानाची चाकं तिथे मखरात ठेवल्यासारखी मांडलेली.

बायकांची शर्यत दहाला. साडेनऊला सायकली तपासायला लावल्या. तपासणारा तिशीतला, गळ्यात ओळखपत्र. त्याच प्रायोजक दुकानाचा टी-शर्ट त्याच्या अंगात होता. त्याने हर्षलाची चाकं बघितली, रिंगेवर बोट फिरवलं.

“कंपनी कुठली?”

“हाताने बांधलेली आहेत,” हर्षला म्हणाली. “यांनी.”

त्याने छायाकडे पाहिलं. छाया साडीत होती, पायात स्लीपर. “घरगुती चाकं चालणार नाहीत, ताई. सेफ्टीचा प्रश्न आहे. काढून ठेवा ती. आमच्या स्टॉलवर भाड्याने मिळतील, हवी तर.”

चाकं उतरवून घेतली गेली. छायाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या कानशिलांत ठणका उठला.

“घरगुती म्हंजे काय? पापड हायत का? कुटल्या नियमात लिवलंय ते दावा.”

“नियमात आहे.”

“दावा.”

“ताई, प्लीज, मागे लाईन आहे.”

“लाईन मला बी दिसती. ही पोरगी सहा आठवडे राबली या चाकांवर चालवायला. तुमी बोट फिरवलं आन काढून टाकली. बोटाला काय कळलं ते सांगा. आऊट हाय? तार ढिली हाय? टायर फाटलाय? एक काय तरी सांगा!”

तिचा आवाज चढला होता. लोक बघायला लागले. हरेश तिच्या कोपराला हात लावून म्हणाला, “जाऊ दे ना, भाड्याची घेऊ.” तिने कोपर झटकलं.

तपासनीस म्हणाला, “ब्रँड नसेल तर गॅरंटी कोण देणार?”

“मी. माझं नाव छाया. चौकला दुकान हाय, पाटी हाय, पत्ता लिवून घ्या. तुमच्या त्या ब्रँडचा मालक इथं येतो का चाक मोडलं तर?”

गोंगाट ऐकून मुख्य पंच आले. साठीचे, शांत गृहस्थ. त्यांनी नियमांचे कागद मागवले. हर्षलाने ते आधीच मोबाईलवर उघडले होते आणि तिने वाचून दाखवलं: चाक सुस्थितीत असावं, सर्व तारा घट्ट असाव्यात, टायरची रुंदी तेहतीस मिलिमीटरहून जास्त नसावी. कंपनीचा, ब्रँडचा शब्द कुठेही नाही.

“फिरवून बघा,” छाया म्हणाली. “आधी माझं. मग तितं मांडलंय त्यातलं कुठलंबी.”

पंचांनी हर्षलाचं पुढचं चाक सायकलच्या पुढच्या चिमट्यात धरून फिरवलं आणि डोळा लावला. चाक फिरत राहिलं, गप, सरळ. त्यांनी बराच वेळ बघितलं. मांडलेलं चाक फिरवून बघायची त्यांना गरज वाटली नाही, आणि छायाला ते फार खटकलं. तिचं खरं ठरलं ते ठरलंच, पण तपासनीसाचं खोटं ठरवायला कुणी तयार नव्हतं.

“चालतील,” पंच म्हणाले. “बसवा.”

त्याच वेळी शिट्टी झाली. बायकांची शर्यत सुटली.

हर्षलाची सायकल तिथे चाकांविना आडवी पडली होती. छाया गुडघ्यावर बसली. मागचं चाक, साखळी, ब्रेकची डिस्क, आस आवळली. पुढचं चाक. घाईतही हात चुकले नाहीत. मोबाईलचं घड्याळ हरेश बघत होता. हर्षला रेषेवरून सुटली तेव्हा बाकीच्या जाऊन एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

पुढची पस्तीस-चाळीस मिनिटं छाया दोरीला धरून उभी होती. पहिल्या फेरीत हर्षला शेवटची. दुसऱ्या फेरीत तिने ओढ्यातल्या चिखलात तिघींना गाठलं, कारण त्यांचे टायर घसरत होते आणि हिचा धरत होता. बांधाच्या चढावर तिने सायकल खांद्यावर टाकली आणि अशी पळाली की गवताची पेंढी घेऊन चाललीय असं वाटावं. वळणातून बाहेर पडताना दोनच पॅडल मारून तिचा वेग परत यायचा. छाया ओरडत होती, काय ओरडत होती ते तिलाही कळत नव्हतं. शेजारचा एक शेतकरी, ज्याच्या शेतातून शर्यत चालली होती, तोही तिच्याबरोबर ओरडायला लागला.

एकोणीस जणींत हर्षला पाचवी आली. दुसरीच्या मागे पंचेचाळीस सेकंद.

हरेशने हिशेब केला आणि हळूच म्हणाला, “मिनिट धरलं तर दुसरी आली असती.” मग त्याला वाटलं, हे बोलायला नको होतं.

छाया चिखलातून चालत पंचांच्या तंबूत गेली. हर्षलाचं मिनिट परत द्या म्हणाली. पंच म्हणाले, निकाल लागला, आता बदलता येत नाही, पण तक्रार लेखी द्या. तो तपासनीस स्टॉलवर उभा राहून कुणाला तरी चाकं दाखवत होता. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

तिने त्याच संध्याकाळी वहीचं पान फाडून तक्रार लिहिली. शाळा दहावीला सुटली होती, पण अक्षर सुरेख. काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं. तपासणाऱ्याच्या अंगात दुकानाचा टी-शर्ट होता, आणि त्याच दुकानाची चाकं भाड्याने घ्या असं तो म्हणाला, हेही लिहिलं. हर्षलाने फोटो काढून क्लबला पाठवला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. हाताने बांधलेली चाकं यापुढे चालतील, तसं नियमात स्पष्ट करत आहोत. यापुढे तपासणी करणारी व्यक्ती प्रायोजकांपैकी नसेल. आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद.

हर्षला आनंदाने दुकानात धावत आली. “छायाताई, जिंकलो आपण!” दरम्यान नेरळ आणि कर्जतहून चार जण चाकं बांधून घ्यायला आले होते. त्यातल्या दोघांना शर्यतीतली ती आरडाओरड आठवत होती.

छायाने उत्तर दोनदा वाचलं.

“मिनिटाचं कुटं हाय यात?”

“आता ते जाऊ द्या ना. नियम बदलला, हेच मोठं.”

“सूचना म्हनतात. मी सूचना नव्हती केली, तक्रार केली हुती. आन त्यानं तुझं मिनिट खाल्लं त्याचा एक शब्द नाय.” तिने वही ओढली. “तुला सोडायचं तर सोड. धावलीस तू, तुझा तो हक्क हाय. पन चाकं माझी हुती, आन ती त्यानं घरगुती म्हनून काढून ठेवली. मी न्हाई सोडनार.”

“किती पत्रं लिहिणार?”

“आधी हे एक लिवू दे,” छाया म्हणाली आणि पेनचं टोपण काढलं.